तुम्ही विचारलंत म्हणून: हत्यारं उकळून घेता ना?

रामबागेतून येवोत, लोकमान्यनगरातून येवोत की सुदामानगरातून, खुर्चीत टेकता टेकता बरेच जण विचारतात, "डॉक्टर, हत्यारं उकळून घेता ना?" विचारताना आवाजात संकोच असतो, डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल म्हणून. संकोचू नका. दातांच्या दवाखान्यात विचारण्यासारखा याहून महत्त्वाचा प्रश्न नाही. उत्तर मात्र जरा लांबतं, कारण उकळून भागत नाही.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. तेवढ्या उष्णतेने बहुतेक जिवाणू आणि विषाणू संपतात. पण काही जिवाणू अडचणीच्या काळात स्वतःभोवती जाड कवच करून बीजाणूच्या रूपात पडून राहतात. धनुर्वाताचा जिवाणू त्याच जातीचा. अशा बीजाणूंना उकळतं पाणी खात्रीने मारत नाही. दात काढायचा फोर्सेप्स, दात सैल करायचा एलिव्हेटर, दातांवरचं किटण काढणाऱ्या स्केलरची टिप, रूट कॅनालची फाइल ही हत्यारं हिरडीखाली, रक्तापर्यंत, कधी हाडापर्यंत जातात. ती बीजाणूंपासूनही मुक्त हवीत. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे दाबाखालची वाफ.

ही वाफ काम कशी करते ते समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. वाफ थंड हत्यारावर टेकते, तिचं पाणी होतं, आणि तसं होताना तिच्यातली सुप्त उष्णता हत्याराला मिळते. ओलावा आणि उष्णता एकत्र आली की जिवाणूची प्रथिनं गोठतात. उघड्या हत्यारांना १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं पुरतात, साध्या ऑटोक्लेव्हमध्ये हत्यारं पाउचमध्ये, म्हणजे कागद-प्लास्टिकच्या बंद पाकिटात, असतील तर ३० मिनिटं लागतात; आधी हवा ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूमच्या यंत्रात १३४ अंशांवर ३ ते ४ मिनिटांत काम होतं. हेच कोरड्या गरम हवेने करायचं तर १६० अंश आणि पूर्ण २ तास हवेत. एवढा फरक पडतो तो वाफेच्या स्पर्शामुळे. म्हणून जिथे वाफ टेकत नाही, तिथे यंत्र कितीही महागाचं असो, निर्जंतुकीकरण झालेलं नसतं. दवाखान्यात जी काही शिस्त लागते ती बरीचशी अशा जागा शोधून काढण्याची.

पहिला अडथळा हवा. अजूनही अनेक ठिकाणी उभा, कुकरच्या धाटणीचा ऑटोक्लेव्ह असतो. कुकरला शिटी लावण्याआधी वाफेची सलग धार येऊ द्यावी लागते, तसंच इथेही आतली सगळी हवा बाहेर गेल्यावरच व्हॉल्व्ह बंद करायचा. हवा आणि वाफ मिसळलेली राहिली तर काटा १५ पौंड दाखवतो, पण आत १२१ अंश झालेले नसतात. आपल्याकडे आणखी एक बारकी गोष्ट आहे. काटा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो, आणि इंदूरच्या उंचीवर बाहेरची हवाच थोडी विरळ. त्यामुळे समुद्रकिनारी १५ पौंडांना १२१ अंश मिळतात तिथे इथे साधारण १२० मिळतात. फरक एका अंशाचा, पण जो दवाखाना फक्त दाबाचा काटा बघून कमीत कमी मिनिटं लावतो, त्याची हातची शिल्लक तेवढी कमी होते. तापमान दाखवणारं यंत्र घ्यावं, आणि वेळ मोजायची ती तापमान गाठल्यापासून. बटण दाबल्यापासून नव्हे.

दुसरा अडथळा घाण, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. हत्यारावर रक्त, लाळ किंवा सिमेंट वाळलेलं असेल तर वाफ त्या थराच्या आत जात नाही; उलट तो थर शिजून धातूला पक्का चिकटतो. म्हणून पेशंट खुर्चीतून उठला की हत्यारं ओली ठेवायची: एन्झाइमच्या द्रावणात बुडवून किंवा त्याचा फेस मारून. मग अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये ५ ते १० मिनिटं. कात्र्या आणि फोर्सेप्सची तोंडं उघडी, जाळीदार टोपलीत, एकावर एक ढीग न करता, झाकण लावून. द्रावण निदान रोज बदलायचं, आणि गढूळ दिसलं तर दिवसा मध्येही. क्लीनर खरोखर चालतोय का हे बघायची सोपी पद्धत आहे: साध्या ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा आत उभा धरायचा. थोड्याच वेळात त्यावर सगळीकडे सारखे बारीक खड्डे पडले पाहिजेत. एक भाग गुळगुळीत राहिला तर त्या कोपऱ्यात ध्वनिलहरी पोहोचत नाहीत. मग वाहत्या पाण्याखाली धुवून, कोरडं करून, चांगल्या उजेडात भिंग लावून बघायचं. डाग दिसला तर पुन्हा पहिल्यापासून. हाताने घासणं शक्य तितकं टाळावं. घासताना टोचतं, आणि शिंतोडे उडतात ते वेगळेच.

रूट कॅनालच्या फाइलचा इथे वेगळा उल्लेख करायला हवा. तिच्या पिळदार खाचांमध्ये दाताचा चुरा आणि ऊती अडकतात, आणि त्या पूर्ण स्वच्छ करणं अतिशय कठीण असतं. शक्य तिथे फाइल एकाच पेशंटपुरती वापरावी. पूर्वी टेबलावर गरम काचेच्या मण्यांची एक छोटी भट्टी असायची, फाइल काही सेकंद त्यात बुडवायची. मण्यांत बुडतो तेवढाच भाग तापतो, दांडा तसाच राहतो. हा मार्ग आता सोडून द्यायला हवा.

हँडपीस, म्हणजे तुम्ही ज्याला ड्रिल म्हणता ते, बाहेरून पुसलं की स्वच्छ दिसतं. पण त्यातली टर्बाइन मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते, आणि थांबताना तोंडातली लाळ-रक्त मागे आत ओढली जाऊ शकते. म्हणून दर पेशंटनंतर ते नळीपासून सुटं करून ऑटोक्लेव्हमध्येच गेलं पाहिजे. स्पिरिटचा बोळा फिरवून उपयोग नाही. आधी आतून साफ करायचं, कंपनीने सांगितलंय तसं तेल घालायचं, आणि जास्तीचं तेल फिरवून बाहेर काढायचं. तेलाचा थर राहिला तर तिथेही वाफ टेकत नाही. बारीक पोकळ नळ्यांतली हवा आपोआप बाहेर येत नाही, म्हणून हँडपीससाठी व्हॅक्यूमने हवा ओढून घेणारा बी क्लासचा ऑटोक्लेव्ह उत्तम. प्रामाणिकपणे सांगायचं तर यात पैसा लागतो: दिवसाला जितके पेशंट त्या हिशेबाने हँडपीसचे पुरेसे जोड हवेत. दोनच हँडपीस आणि बाहेर पेशंटांची रांग, हे गणित जमत नाही.

पाउच ऑटोक्लेव्हमध्ये उभे, कडेवर ठेवायचे, एकाचा कागद दुसऱ्याच्या प्लास्टिककडे करून. वाफ कागदातून जाते, प्लास्टिकमधून नाही. आडवे थर रचले की मधल्यांना वाफ मिळत नाही. बाहेर काढताना पाउच पूर्ण कोरडा हवा, कारण ओल्या कागदातून हातावरचे जिवाणू आत झिरपतात. ओला पाउच निर्जंतुक धरायचा नाही. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत घाईने यंत्राची सायकल, म्हणजे ठरलेली फेरी, मध्येच तोडून पाउच काढले की हमखास असं होतं. यंत्रात पाणी डिस्टिल्डच घालावं. बोरिंगच्या जड पाण्याने हत्यारांवर पांढरे डाग पडतात आणि हीटरवर थर साचतो.

पाउचवरची खूण रंग बदलते ती पाहून बरेच पेशंट समाधानी होतात. ती खूण एवढंच सांगते की पाउच गरम वाफेतून गेला. पुरेसा वेळ गेला की नाही, हे तिला कळत नाही. खरी परीक्षा बीजाणूंचीच. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस हा जिवाणू मुद्दाम निवडलाय. त्याचे बीजाणू वाफेला फार चिवट असतात आणि तो माणसाला आजारी पाडत नाही. त्याची छोटी कुपी आठवड्यातून एकदा, भरलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफ पोहोचायला सगळ्यात कठीण जागी ठेवायची. सायकल झाली की ५५ ते ६० अंशांच्या छोट्या इन्क्युबेटरमध्ये घालायची, आणि शेजारी त्याच खोक्यातली एक कुपी ऑटोक्लेव्ह न करता ठेवायची. ठरलेल्या वेळेत शेजारची कुपी जांभळ्याची पिवळी झाली पाहिजे आणि आपली जांभळीच राहिली पाहिजे. शेजारची बदलली नाही तर चाचणीच बाद. आपली पिवळी झाली तर ते यंत्र बंद, मागच्या चांगल्या चाचणीनंतरची सगळी हत्यारं परत गोळा, आणि कारण सापडेपर्यंत दुसरी सोय. हा निकाल तारखेसह वहीत लिहिलेला असतो. तुम्ही ती वही बघायला मागू शकता.

निळ्या दिव्याचं कपाट दिसलं म्हणजे हत्यारं निर्जंतुक झाली, हा समजही खूप पसरलाय. अल्ट्राव्हायोलेट किरण सरळ पडतात तेवढंच काम करतात. सावलीतल्या बाजूला, सांध्यात, पाउचच्या आत काही होत नाही. ते ठेवणीचं कपाट आहे, इतकंच. ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या २ टक्के द्रावणाचंही तसंच: बीजाणू मारायला त्यात १० तास बुडवून ठेवावं लागतं, आणि दोन पेशंटांच्या मधल्या वीस मिनिटांत ते होत नाही. उष्णता सहन न होणाऱ्या मोजक्या वस्तूंपुरतं ते ठीक.

आता पाणी. याबद्दल कुणी विचारत नाही, पण विचारायला हवं. इंदुरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, गच्चीवरच्या टाकीत साठतं, आणि तेच पाणी डेंटल चेअरच्या पिनभर रुंदीच्या नळ्यांतून हँडपीसमध्ये आणि तिथून तुमच्या तोंडात जातं. रात्रभर आणि रविवारी ते नळ्यांत उभं राहतं. नळीच्या आतल्या भिंतीवर जिवाणूंचा चिकट थर, बायोफिल्म, धरतो, आणि तो वाहत्या पाण्याने निघत नाही. २०११ मध्ये इटलीत एका ८२ वर्षांच्या बाईंना दंतचिकित्सेच्या यंत्रातल्या पाण्यातून लिजिओनेला जिवाणूची लागण होऊन त्या गेल्या. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात आणि २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये दुधाच्या दातांची पल्पोटॉमी, म्हणजे दाताच्या नसेचा वरचा भाग काढण्याचा उपचार, झालेल्या मुलांच्या जबड्यांत अशाच पाण्यातल्या मायकोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंनी संसर्ग झाला. उपाय माहीत आहेत: चेअरला टाकीच्या पाण्याऐवजी स्वतंत्र बाटली लावायची, ती रोज रिकामी करून वाळवायची, नळ्यांना ठरावीक काळाने जंतुनाशक द्यायचं, दर पेशंटनंतर २० ते ३० सेकंद पाणी सोडून द्यायचं, आणि अधूनमधून लॅबमध्ये तपासून घ्यायचं. एका मिलीलिटरमध्ये ५०० पेक्षा जास्त जिवाणू-वसाहती नकोत. नुसतं पाणी सोडून देणं पुरत नाही, आणि घरगुती आरओचं पाणीही नळीतला जुना थर काढत नाही.

हाड कापायचं असेल, अक्कलदाढ काढायची असेल, तर हे पाणीदेखील चालत नाही. तिथे निर्जंतुक सलाईनच, आणि तेही त्या एका पेशंटसाठी उघडलेलं. २०२३ मध्ये तमिळनाडूत मेंदूपर्यंत गेलेल्या मेलिऑयडोसिस या जिवाणूंच्या आजाराने काही माणसं दगावली. शोध घेतल्यावर धागा एका दंत दवाखान्यातल्या वारंवार वापरलेल्या सलाईनच्या बाटलीपर्यंत पोहोचला. बाटलीच्या बुचात सुई खुपसलेली आणि दिवसभर त्यातूनच सगळ्यांसाठी सलाईन काढलं जातंय, असं कुठे दिसलं तर तिथे दात काढून घेऊ नका.

ग्लोव्हजबद्दल थोडक्यात. ते पेशंटपेशंटमध्ये बदलतात, धुवून परत वापरत नाहीत. ग्लोव्हज घातलेल्या हाताने मोबाइल उचलला, ड्रॉवर उघडला, एक्स-रेचं बटण दाबलं, की ते ग्लोव्हज आता कामाचे राहिले नाहीत. दिव्याचं हँडल, चेअरची बटणं यांवर प्लास्टिकची फिल्म लावून ती दर वेळी बदलायची. हेपटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर निदान सात दिवस टिकतो, आणि सुकलेला थेंब डोळ्यांना दिसतही नाही. रक्त सांडलं तर आधी टिपून घ्यायचं, मग १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट १० मिनिटं. बाजारातलं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग त्याचा आणि चार भाग पाणी, रोज ताजं. मे महिन्यात खिडकीत ठेवलेली बाटली आठवडाभरात किती ताकदीची उरली हे कुणी सांगू शकत नाही.

इंदुरात घरोघरी कचरा वेगळा करायची सवय लागली आहे, म्हणून एक खुलासा: दवाखान्यातला संसर्गजन्य कचरा महापालिकेच्या कचरागाडीत जात नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज आणि सक्शनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. आणि ४८ तासांच्या आत तो अधिकृत संस्थेकडे जातो.

काही पेशंट हळूच विचारतात, "मला कावीळ होऊन गेली, सांगितलं तर दात काढणार नाही का?" सांगा. उपचार ठरवायला ते लागतं, रक्त थांबायला वेळ लागू शकतो. हत्यारांच्या बाबतीत मात्र तुमच्यासाठी वेगळं काही केलं जात नाही, कारण कुणाच्या रक्तात काय आहे हे पुष्कळांना स्वतःलाच ठाऊक नसतं. प्रत्येकाचं रक्त संसर्गजन्य धरूनच काम करायचं असतं.

आणि या सगळ्यात सर्वांत जास्त धोका खुर्चीतल्या माणसाला नसतो. मागच्या खोलीत हत्यारं धुणाऱ्या ताईंना असतो. लस न घेतलेल्या माणसाला हेपटायटिस बीच्या रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे. म्हणून त्यांच्या हातात पातळ नाही, कोपरापर्यंतचे जाड रबरी ग्लोव्हज हवेत, डोळ्यांवर चष्मा, अंगावर ॲप्रन. ट्रेमधली सुई काढून टाकणं त्यांचं काम नव्हे. ज्याने टोचली त्या डॉक्टरनेच ती टाकायची, आणि टोपण लावायचंच असेल तर ते ट्रेमध्ये ठेवून एका हाताने उचलायचं. त्यांना हेपटायटिस बीचे तीन डोस, पहिला, एक महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा, दवाखान्याने द्यायचे, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तात प्रतिपिंड १० mIU/mL च्या वर आले का ते तपासायचं. तरीही टोचलं तर जागा दाबून रक्त पिळायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि त्याच तासात डॉक्टरकडे जायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागलीच तर ती पहिल्या दोन तासांत सुरू झालेली उत्तम, आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत.