त्रायानाच्या नाण्यावरची चतुर्थी

एका स्नेह्यांच्या संग्रहातले रोमन सम्राट त्रायानाचे सेस्टर्शियस, म्हणजे मोठ्या आकाराचे एक रोमन नाणे, नुकतेच मला निवांतपणे हाताळायला मिळाले. साधारण २५ ग्रॅम वजनाचे हे नाणे तळहातावर चांगलेच भरते. संग्राहक अशा नाण्यांना सरसकट कांस्यनाणी म्हणत असले, तरी ही धातू तांबे आणि जस्ताची, म्हणजे खरे तर पितळेचीच आहे. बरीच अक्षरे झिजलेली आणि कडेला हिरवा कळंक चढलेला. तरीही खिडकीशी तिरप्या उजेडात नाणे सावकाश फिरवत गेल्यावर सम्राटाच्या मस्तकाभोवतीचा लॅटिन लेख एकेक अक्षराने उमटू लागला.

'इंप काएस नेर्वाए त्रायानो आउग गेर दाक' (सम्राट, सीझर, नेर्वा त्रायान, ऑगस्टस, जर्मनविजेता, दाकियाविजेता) अशी सुरुवात आहे, आणि पुढे पदांची संक्षेपाक्षरे येतात. त्यांतले 'कॉस', म्हणजे कॉन्सुल हे रोमचे सर्वोच्च निर्वाचित पद, आणि पाचाचा आकडा कालनिश्चितीसाठी मोलाचे आहेत. त्रायान पाचव्यांदा कॉन्सुल झाला तो इ. स. १०३ मध्ये आणि सहाव्यांदा ११२ मध्ये, त्यामुळे हे नाणे १०३ ते १११ या वर्षांतच पाडलेले असणार. सम्राटाला दरवर्षी नव्याने मिळणाऱ्या ट्रिब्यूनपदाच्या अधिकाराचा आकडा कोरला असता तर नेमके वर्षही सांगता आले असते, पण तो येथे नाही.

मी सर्वाधिक रेंगाळलो तो 'त्रायानो' या शब्दापाशी. कर्त्याच्या जागी 'त्रायानुस' आला असता. 'त्रायानो' ही चतुर्थी विभक्ती आहे, म्हणजे आपल्या भाषेत 'त्रायानास'. त्याच्या आरंभीच्या नाण्यांवर नाव प्रथमेत आहे, तेथे सम्राट स्वतःची ओळख देतो. येथे मात्र मागच्या बाजूस 'एस पी क्यू आर ओप्तिमो प्रिंकिपी', म्हणजे 'रोमचे सेनेट आणि जनता यांच्याकडून सर्वोत्तम राज्यकर्त्यास', असे आहे, आणि दोन्ही बाजू मिळून एकच अर्पणवाक्य पूर्ण होते. टांकसाळ सम्राटाचीच होती, पण बोलणारा बदलला आहे आणि तो बदल केवळ एका विभक्तिप्रत्ययाने साधला आहे. नाणेलेखांच्या वाचनात व्याकरणाकडे दुर्लक्ष करू नये, असे मला कळकळीने वाटते ते यामुळेच.

मागच्या बाजूस विजयदेवता ताडाच्या झाडाला टेकवलेल्या ढालीवर काही लिहीत उभी आहे. भिंगातून पाहिल्यावर ढालीवरच्या इवल्याशा दोन ओळी वाचता आल्या: 'विक' आणि खाली 'दाक', दाकियावरील (आजच्या रोमानियाच्या परिसरातील राज्यावरील) विजय.