आठवी ब ची हजेरी

शाळेच्या स्मरणिकेसाठी समितीचं पत्र आलं. ‘आपल्या जडणघडणीत शाळेचा वाटा’ या विषयावर ६०० शब्दांत मनोगत पाठवा. खरं सांगायचं तर माझी जडणघडण मिरजेच्या रेल्वे यार्डात झाली, ग्रीस आणि हातोडीत. पण शाळेचं पाकीट हातात पडल्यावर नाही म्हणवत नाही. म्हटलं, आपण आपल्या बाईंवर लिहू. बाई म्हणजे कोणत्या, हे आपल्या शाळेत सांगावं लागत नाही. बाकीच्या शिक्षिकांना आडनावं होती, ह्या नुसत्या बाई. शब्दमर्यादा पाळली जाणार नाही, हे आधीच कळवतो. संपादकांनी कात्री लावायचीच तर खाली गणिताच्या सरांवर दोन ओळी आहेत, त्यांना लावावी.

साल १९७८-७९. आठवी ब म्हणजे जुन्या इमारतीतला जिन्यालगतचा वर्ग. पावसाळ्यात छत्र्या ठेवायचा तो कोपरा दिवाळीपर्यंत ओलाच असायचा. बाई आम्हाला मराठीला आणि वर्गशिक्षिका म्हणूनही. पहिला तास त्यांचा, म्हणजे हजेरी त्यांची. जूनमध्ये दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं, “माझ्या वर्गात ‘हजर’ म्हणायचं नाही. घरून शाळेपर्यंत येताना एखादी चांगली गोष्ट दिसली असेल, ती एका वाक्यात सांगायची. ती सांगितलीत की हजेरी लागली.”

पहिला आठवडा भलताच गेला. जो तो आंधळ्याला हात धरून रस्ता ओलांडून देत होता. त्या आठवड्यात आठवी ब ने मिरजेतले यच्चयावत आंधळे पलीकडच्या बाजूला नेऊन सोडले असावेत. शनिवारी बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, स्वतः केलेलं सांगायचं नाही, पाहिलेलं सांगायचं. कीर्तनातलं नको, पुस्तकातलं नको, आणि कालचं तर अजिबात नको.

मग खरी पंचाईत झाली, कारण आता बघावं लागायचं. मी रेल्वे क्वार्टर्समधून यायचो. स्टेशन आमच्या अंगणात. तेव्हा मिरजेला तिन्ही गेज होती, म्हणजे तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ. पुण्या-कोल्हापूरची ब्रॉडगेज, बेळगावकडची मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूरला जाणारी नॅरोगेज, म्हणजे आपली छोटी गाडी. आषाढीला वारकऱ्यांनी भरून वाहायची ती. मी एकदा सांगितलं, “बाई, छोट्या गाडीच्या ड्रायव्हरनं एका आजीला इंजिनातलं कढत पाणी दिलं.” बाईंनी मान वर न करता विचारलं, “कशात घेतलं तिनं?” मी म्हटलं, “किटलीत.” “झाकण होतं?” झाकण नव्हतं, आजीनं पदराचं टोक वर धरलं होतं. तेही सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या नंबरापुढे खूण झाली.

बाईंचा हा उलटप्रश्न ठरलेला. कुणी म्हणालं, न्हाव्यानं दुकान उघडताच पारव्यांना ज्वारी टाकली, की “मूठभर की चिमूटभर?” कुणी म्हणालं, लक्ष्मी मार्केटच्या कोपऱ्यावर एसटीचा कंडक्टर पळत येणाऱ्या पोरीसाठी थांबला, डबल बेल मारली नाही, की “मग दोरीवरचा हात त्यानं काढला का तसाच ठेवला?” ठोकून दिलेलं असेल तर इथेच पितळ उघडं पडायचं. बाई रागावत नसत. “उद्या बघून सांग” म्हणून पुढचा नंबर घेत. कुणाला काहीच दिसलेलं नसलं तर नुसतं ‘हजर’ म्हणायची मुभा होती, त्याबद्दल अवाक्षर निघायचं नाही.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील त्या पावसाळ्यात गेले. ती परत यायला लागली आणि रोज ‘हजर’ एवढंच म्हणायची. बाई तिचा नंबर बाकीच्यांच्याच आवाजात घ्यायच्या, जरासुद्धा हळू नाही. गणपती उठले, घटस्थापना झाली. मग एका सकाळी तिनं सांगितलं, “दूधवाल्या काकांनी माप घातल्यावर वर थोडं ओतलं.” वर्ग उलटप्रश्नाची वाट बघत राहिला. बाईंनी खूण केली आणि पुढचा नंबर पुकारला. वर्षभरात बाईंनी काही विचारलं नाही, असं ते एकच वाक्य असावं.

गणिताच्या सरांचं म्हणणं होतं की ह्या हजेरीपायी पहिला तास दहा मिनिटं खाल्ला जातो आणि मराठीचा पोर्शन मागे पडतो. पडत होता. व्याकरणाची शेवटची दोन प्रकरणं बाईंनी मार्चमध्ये अक्षरशः पळवली. सर चांगले होते, त्यांचं आठवतं ते सूत्रांचं पाठांतर, पण आता त्यातलं एकही सूत्र येत नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. मागच्या बाकावर आमचा एक दोस्त बसायचा, सतारमेकर गल्लीतला. अबोल पोरगा, हात कायम लाखेनं तांबूस. थंडीच्या दिवसांत एकदा त्यानं सांगितलं, “चाचांनी दोरा सरकवला आणि तंबोरा उघडला.” आम्हाला वाटलं, तंबोऱ्याला झाकण असतं की काय. बाईंनी विचारलं, “उघडला म्हणजे काय झालं?” तो उभाच राहिला. हातानं काहीतरी करून दाखवलं, मग म्हणाला, “ऐकायला लागतं, बाई.”

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर बाई आम्हा सगळ्यांना घेऊन निघाल्या. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली होती की नव्हती, आजवर कळलेलं नाही. गल्लीत शिरताच रंध्याचा आवाज आणि सरसाचा वास. दुकान कसलं, चिंचोळी ओसरीच ती. आढ्याला मंगळवेढ्या-पंढरपूरकडचे भोपळे टांगलेले, खाली तुनीच्या लाकडाच्या ढलप्या. चाचा मांडीवर तंबोरा आडवा घेऊन बसले होते. समोर चटईवर एक गिऱ्हाईक होतं, बाहेरगावचे, गाणारे असावेत. पांढरा सदरा, मनगटावर घड्याळ. एवढी पोरं बघून चाचा दचकले. बाईंना बसायला द्यायला खुर्ची नव्हती. त्यांनी अंगाखालचं घडी घातलेलं पोतं काढलं, झटकलं, उलटी बाजू वर करून बाईंसमोर ठेवलं आणि स्वतः जमिनीवर सरकले.

दोस्तानं चाचांच्या कानात काहीतरी सांगितलं. चाचांनी एक तार छेडली. आवाज आला, पण कोरडा. छेडली की लगेच मिटायची. मग त्यांनी साध्या शिवणाच्या सुताचा बोटभर तुकडा घेतला आणि घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, आणि तार यांच्यामध्ये घातला. दोन बोटांत धरून तो इतका हळू सरकवायला लागले की सरकतोय हे दिसतच नव्हतं. छेडायचं, सरकवायचं, पुन्हा छेडायचं. आम्ही पुढचे वाकून बघत होतो, मागचे बोंबलत होते. आणि एका जागी ती तार बोलायला लागली. आवाज मोठा झाला नाही, लांब झाला. त्यातून दुसरा आवाज निघाला, त्यातून तिसरा. चाचांचा हात कधीच बाजूला झाला होता, तरी ते चालूच. चाचा म्हणाले, “जवारी लागली.” जवारी म्हणजे तारेचा हाच लांबणारा झंकार. कानशीनं घोडीचा माथा घासून घासून आणायचा, शेवटचं काम मात्र ह्या दोऱ्याचं, असं त्यांनी बाईंना समजावून सांगितलं.

बाईंनी विचारलं, “मुलांनी एकेकदा छेडली तर चालेल?”

चाळीसच्या वर पोरं. हात कुणाचे धुतलेले नाहीत. चाचांनी होकार दिला. एकेक जण पुढे जायचा आणि चारातली एक तार छेडायचा. कुणी जोरात ओढायचा, दोरा हलायचा, की चाचा पुन्हा खुंटी पिळायचे, मणी सरकवायचे, दोरा जागेवर आणायचे. एका शब्दानं कुणाला रागे भरले नाहीत. माझ्या वाट्याला खर्जाची तार आली. तो कंप बोटातून कोपरापर्यंत गेला, हे मी आजही शपथेवर सांगेन. तास तरी गेला असेल. ते गिऱ्हाईक तसंच चटईवर बसून होतं.

सोमवारी हजेरीला बाई म्हणाल्या, आज शनिवारचं चालेल. झाडून सगळे दोऱ्यावर. कुणी भोपळे सांगितले, कुणी पोतं सांगितलं. पोतं सांगणाऱ्याला “कुठली बाजू वर केली?” हा प्रश्न झालाच. शेवटी मुलींच्या रांगेतून एक जण उठली. हीच ती, दूधवाल्याचं सांगणारी. म्हणाली, “ते पाहुणे होते ना, त्यांनी आपण छेडायला लागलो तेव्हा घड्याळ काढून खिशात ठेवलं.”

आम्ही एवढे जण त्या ओसरीत होतो. एकालाही दिसलं नव्हतं. बाईंनाही दिसलं नसावं, कारण त्यांनी पेन थांबवलं आणि म्हणाल्या, “कोणत्या खिशात?” “वरच्या, बाई.”

एवढंच. त्यानंतर बाईंनी मराठीचं पुस्तक उघडलं आणि धडा सुरू केला.

मी पुढे रेल्वेत लागलो, कॅरेज अँड वॅगनला, म्हणजे डबे-वाघिणींच्या देखभालीला, फिटर म्हणून. सीनियर सेक्शन इंजिनियर होऊन निवृत्त झालो. विभागाचं प्रशस्तिपत्र दोनदा मिळालं, हे स्मरणिकेत छापलं तर नातवंडं वाचतील म्हणून लिहितो. आमच्या कामात चाकावर हातोडी मारून आवाज ऐकतात. धड चाक वाजतं, तडा गेलेलं बद्द बोलतं. नवीन पोरं हातोडी मारून पुढे पळायची, तेव्हा मी त्यांना थांबवून विचारायचो, “कसं वाजलं?” पाठीमागे मला ‘कसंवाजलं साहेब’ म्हणायचे, ते मला माहीत होतं.

२०१६च्या एप्रिलात लातूरला पाणी नव्हतं आणि मिरजेतून कृष्णेचं पाणी गाडीनं पाठवायचं ठरलं. राजस्थानात कोट्याच्या वर्कशॉपला वाफेनं धुतलेल्या टाकीच्या वाघिणी आल्या. पहिल्या खेपेला दहा, एकेकीत साधारण ५० हजार लिटर. पुढे पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्या गेल्या. गाडीला ‘जलदूत’ नाव पडलं, कॅमेरे आले, पुढारी आले. ऊन असं की टाकीला हात लावता येत नव्हता. आम्ही खाली झडपा आणि ब्रेक तपासत होतो. ११ एप्रिलला पहिली गाडी निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी ह्याच वाटेनं माझ्या लहानपणीची छोटी गाडी जायची.

पुढच्या एका खेपेला, गाडी सुटायच्या आधी मी रेक तपासत शेवटपर्यंत गेलो. आमच्या गँगमधल्या कुणीतरी शेवटच्या टाकीवर मार्किंगच्या खडूनं लिहून ठेवलं होतं, ‘सावकाश प्या’. नियमाप्रमाणे पुसायला हवं होतं. मी नाही पुसलं. घरी जाऊन बाईंना फोन लावला. त्या तेव्हा बेळगावला लेकीकडे असायच्या, ऐकायला कमी येत होतं. मोठ्यानं सांगितलं. दोन क्षण काही ऐकू आलं नाही, मला वाटलं फोन कटला. मग आवाज आला, “अक्षर कसं होतं?”

मी म्हटलं, “वाईट, बाई. ‘सावकाश’मधला श चुकलाय.”

“मग आपल्याच शाळेचा असणार,” म्हणाल्या आणि खूप हसल्या.

बाई गेल्या त्या ऑगस्ट २०१९ मध्ये, महापुराच्या आठवड्यात. सांगलीतली माणसं मिरजेत आश्रयाला आली होती, रस्ते बंद होते, मला जाता आलं नाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

परवा मनोगत लिहायच्या निमित्तानं शाळेत येऊन गेलो. जुनी इमारत पाडून त्या जागी पार्किंग केलेलं पाहिलं. नवी इमारत देखणी आहे, लिफ्टसुद्धा आहे, समितीचं अभिनंदन. हजेरी आता मोबाईलवर लागते असं एका तरुण शिक्षिकेनं सांगितलं. अर्ध्या मिनिटात वर्ग उरकतो, म्हणाली, आणि ते तिनं कौतुकानंच सांगितलं. मी म्हटलं, छान. मनातून छान वाटलं नाही, ते इथे लिहितो. वाचलेल्या दहा मिनिटांत काय करता, हे विचारायचं राहून गेलं. सतारमेकर गल्लीतही जाऊन आलो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, गल्लीला त्याचा अभिमान आहे. आमचा दोस्त आता चाचांच्या जागी बसतो. मला बघून त्यानं अंगाखालचं पोतं ओढलं, मी म्हटलं, राहू दे, माझे गुडघे खाली बसत नाहीत. मग त्यानं शेजारच्या दुकानातून स्टूल आणवलं. चहा दोनदा झाला. त्याचा मुलगा इंजिनियरिंगला आहे, पण सुट्टीत कानस धरतो म्हणे.

राहता राहिलं देणगीचं. समितीनं सभागृहाच्या खुर्च्यांसाठी आवाहन केलं आहे. मी माझा वाटा पाठवत आहे, पण तो खुर्च्यांना न वापरता चिंचेखालच्या नळाला वापरावा. नळ मोडला आहे, तोटीला चिंधी बांधली आहे आणि पोरं घरून बाटल्या आणतात. तिथे बाईंच्या नावाची पाटी लावू नये, त्यांना चाललं नसतं. तोट्या पितळेच्या घ्याव्यात, प्लॅस्टिकच्या टिकत नाहीत. आणि एक तोटी पाचवीच्या मुलांचा हात पोचेल इतकी खाली बसवावी. प्लंबर ‘होय’ म्हणतात आणि वरच बसवतात, तेव्हा कुणीतरी उभं राहून करून घ्यावं. मी मोकळाच असतो, बोलावलंत तर टेप घेऊन येईन.