फुरशाचे विष आणि शुक्राणूवरचे प्रथिन

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपल्या अभ्यासविषयावर लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा स्वतःच्या बेताच्या कामाऐवजी पॉल प्रायमाकॉफ आणि डायना माइल्स या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या संशोधनाविषयी लिहावे असे मी ठरवले. शाळेच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. पण त्यांचा एक निबंध वाचताना मला आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटातले, फॉर्मलिनच्या बरणीतले फुरसे आठवले होते. कोकणातल्या मुलांना फुरसे मुद्दाम दाखवावे लागत नाही. तरीही जीवशास्त्राच्या बाई दरवर्षी ती बरणी टेबलावर आणून ठेवत आणि फुरसे चावलेल्या माणसाचे रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवले तरी गोठत नाही, हे सांगत. ते कशामुळे, हे विचारण्याचे धाडस आमच्यापैकी कोणी केल्याचे स्मरत नाही.

प्रायमाकॉफ आणि माइल्स यांनी गिनीपिगच्या शुक्राणूंवरील प्रथिने ओळखणारी प्रतिपिंडे तयार केली आणि त्यांपैकी कोणती फलनात अडथळा आणतात, हे पाहिले. त्यातून हाती आलेल्या पीएच-२० या प्रथिनाची लस त्यांनी गिनीपिगांना टोचली, तेव्हा लस नराला दिलेली असो वा मादीला, गर्भधारणा पूर्णपणे थांबली; माद्यांची प्रजननक्षमता पुढे परतही आली. हा निष्कर्ष १९८८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला आणि गर्भनिरोधक लस आता दृष्टिपथात आली, असे अनेकांना वाटू लागले. (आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाशास्त्र संस्थेत गुरसरन तलवार शुक्राणूंऐवजी गर्भधारणेनंतर स्रवणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाविरुद्ध लस तयार करत होते. पुरेशी प्रतिपिंडे निर्माण झालेल्या स्त्रियांच्या १२२४ मासिक चक्रांत एकच गर्भधारणा झाल्याचे त्यांनी १९९४ मध्ये नोंदवले.)

मला फुरशाची आठवण करून दिली ती शुक्राणूवरील फर्टिलिन या दुसऱ्या प्रथिनाने. त्याची रचना १९९२ मध्ये उलगडली, तेव्हा त्याचा एक भाग सापांच्या विषातील डिसइंटेग्रिन प्रथिनांसारखा असल्याचे दिसले. या गटातले एचिस्टॅटिन हे फुरशाच्याच विषात सापडते. अवघ्या ४९ अमिनो आम्लांचे हे प्रथिन प्लेटलेटवरील इंटेग्रिनला, म्हणजे पेशींना धरून ठेवणाऱ्या त्यांच्या पृष्ठभागावरील प्रथिनाला, जाऊन बिलगते आणि प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही. रक्त न गोठण्यामागे विषातले इतरही घटक असतात, पण बाईंच्या त्या काचेच्या नळीचे थोडेफार उत्तर मला इथे मिळाले. शुक्राणूही याच पद्धतीने स्त्रीबीजावरील इंटेग्रिनला धरत असावा, ही कल्पना इतकी सुबक होती की ती लवकरच पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली.

यापुढचा भाग मी माझ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सर्वांत आधी वाचायला देते. आपली कल्पना खरी आहे का, हे या दोघांनी जनुक काढून टाकलेल्या उंदरांवर स्वतःच तपासले. फर्टिलिनचा बीटा हा घटक नसलेल्या नरांचे शुक्राणू स्त्रीबीजाला फारसे चिकटेनात, हे अपेक्षेप्रमाणेच झाले. परंतु जे थोडे चिकटले त्यांचे मीलन बऱ्यापैकी होत होते, आणि खरा घोटाळा भलतीकडेच, म्हणजे गर्भाशयातून अंडवाहिनीत पोहोचण्यातच, असल्याचे १९९८ मध्ये दिसून आले. मग २००० मध्ये स्त्रीबीजावरील मुख्य मानल्या गेलेल्या अल्फा-६ इंटेग्रिनची पाळी आली. ते नसलेली पिल्ले त्वचेचे थर सुटे होऊन जन्मतःच दगावतात, इतके हे प्रथिन पेशींच्या घट्ट बसण्याला आवश्यक आहे. आणि तरीही त्याच्याविना वाढलेल्या स्त्रीबीजांचे फलन व्यवस्थित होत होते. उंदराच्या स्त्रीबीजावरील ज्ञात इंटेग्रिनांपैकी एकही फलनासाठी अनिवार्य नाही, असे त्यांनी २००३ मध्ये लिहून टाकले. दहा वर्षे ज्या कल्पनेसाठी आपण ओळखले गेलो, तिच्यावर आपल्याच सहीने फुली मारणारे संशोधक मी तरी फार पाहिलेले नाहीत.

पीएच-२० चेही तसेच झाले. लस दिलेल्या नर गिनीपिगांच्या वृषणांना स्वप्रतिरक्षेमुळे, म्हणजे शरीराने स्वतःच्याच पेशींवर हल्ला केल्यामुळे, दाह होत असल्याचे प्रायमाकॉफ आणि माइल्स यांच्याच सहभागाने झालेल्या कामातून पुढे आले, म्हणजे पुरुषांसाठी हा मार्ग धोक्याचाच होता. उंदरांवर तर ही लस लागूच पडली नाही. शुक्राणू आणि स्त्रीबीज प्रत्यक्षात ज्या प्रथिनांच्या जोडीने एकमेकांना धरतात, त्यांपैकी शुक्राणूवरील इझुमो जपानमध्ये २००५ साली आणि स्त्रीबीजावरील जुनो इंग्लंडमध्ये २०१४ साली सापडले.

पीएच-२० हे पेशींमधली जागा भरणारे हायलुरोनिक आम्ल तोडणारे विकर आहे, हे दरम्यान समजले होते. त्याचे मानवी रूप आता प्रयोगशाळेत तयार करून ट्रास्टुझुमॅबसारख्या कर्करोगावरील औषधात मिसळले जाते; त्वचेखालच्या ऊतीत ते तात्पुरती वाट मोकळी करते आणि शिरेतून अर्धा-दीड तास द्यावे लागणारे औषध पाच मिनिटांत टोचून होते.