नी-ऑलेसुंडच्या बर्फात जिवाणू शोधताना

जुलैअखेर आम्ही चौघे दहा दिवस नी-ऑलेसुंडला होतो. स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक द्वीपसमूहातलं हे छोटं गाव ७९ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित अलीकडे आहे. पूर्वी इथे कोळशाची खाण होती. १९६२ च्या स्फोटात २१ जण गेले आणि मग ती कायमची बंद झाली. आता इथे फक्त संशोधन चालतं, २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्रही इथेच आहे. हिमनदीच्या बर्फातले सूक्ष्मजीव गोळा करणं हे आमचं काम. पुढे जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी व्हिसा. स्वालबार्ड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाक्षेत्रात, येत नाही. ऑस्लोहून स्वालबार्डच्या मुख्य गावी, लाँगइयरब्येनला, गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत येता, म्हणून दोन प्रवेशांचा व्हिसाच घ्या. तिथून नी-ऑलेसुंडला जाणारं विमान अगदी छोटं असतं, सामान तोलून भरा. गावात वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, कारण तिथली रेडिओ दुर्बीण क्वेसारांचे, म्हणजे अतिदूरच्या तेजस्वी दीर्घिकाकेंद्रांचे, क्षीण संकेत टिपते. ब्लूटूथवर चालणारी उपकरणं नेऊ नका, केबलवाली न्या.

गावाबाहेर पडायचं तर अस्वलांमुळे रायफल आणि नेमबाजीचं प्रशिक्षण लागतं. एकाने सतत पहारा द्यायचा, त्याने नमुन्यांना हात लावायचा नाही. म्हणजे चौघांच्या तुकडीत कामाला तीनच माणसं. वेळापत्रक तसंच आखा.

मिद्त्रे लोवेनब्रेन ही हिमनदी गावापासून चालत गाठता येते. दुपारनंतर वितळपाण्याचे ओढे फुगतात, तेव्हा पहाटे निघा. उजेडाची चिंता नाही, सूर्य मावळतच नाही.

वर पोचलं की बर्फात बोटभर रुंदीपासून ताटाएवढी भोकं दिसतात. आत नितळ पाणी, तळाशी काळा गाळ. हे क्रायोकोनाइट. ध्रुवीय संशोधक नूर्डेनशोल्डने १८७० मध्ये ग्रीनलंडमध्ये त्याला हे नाव दिलं. काळी धूळ ऊन शोषते, खालचा बर्फ वितळवते आणि स्वतःच खाली उतरत जाते. धुळीचे कण एकमेकांना धरून राहतात ते सायनोबॅक्टेरियाच्या, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंच्या, तंतूंमुळे. संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली ते हिरवे तंतू पाहिले आणि त्यांच्यातून वाट काढत चाललेला एक टार्डिग्रेड, म्हणजे आठ पायांचा सूक्ष्म प्राणीही. बराच वेळ आम्ही कोणी बोललो नाही.

खरी कसोटी मात्र त्याखालच्या स्वच्छ बर्फाची. तिथे मिलिलिटरमागे पेशी इतक्या कमी की आपल्या हातावरचे जिवाणू सहज भारी पडतात. पहिल्या दिवशीच्या ब्लँकमध्ये, म्हणजे नमुन्यासारखंच हाताळलेल्या निर्जंतुक पाण्यात, जवळपास बर्फाइतक्याच पेशी निघाल्या. हातमोजे बदलले होते, पण जॅकेटची बाही कोअररला, म्हणजे बर्फाचे दंडगोल (कोअर) काढणाऱ्या पोकळ ड्रिलला, लागत होती. सहाही कोअर टाकून द्यावे लागले. फार वाईट वाटलं, पण ठेवले असते तर पुढचे सगळे आकडे खोटे ठरले असते.

याच शंकेने मोठमोठ्या मोहिमाही ग्रासल्या आहेत. २०१२ मध्ये रशियन तुकडी अंटार्क्टिकाच्या बर्फाखालच्या व्होस्तोक सरोवरापर्यंत पोचली, पण खोदलेल्या विवरात केरोसीन असल्यामुळे नमुन्यांवरचा वाद मिटला नाही. २०१३ मध्ये तिथल्याच बर्फाखालच्या व्हिलन्स सरोवरासाठी अमेरिकी तुकडीने ८०० मीटर बर्फ गरम पाण्याने भेदला. ते पाणी आधी गाळून अतिनील किरणांखालून नेलं होतं. सरोवराच्या पाण्यात मिलिलिटरमागे सुमारे १ लाख ३० हजार पेशी सापडल्या आणि निष्कर्ष टिकला. माझ्या मते गाळण्यावर खर्च झालेला तो वेळ हेच त्या मोहिमेचं सर्वांत मोलाचं काम.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बाहीवर निर्जंतुक आवरण चढवलं, वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे राहिलो आणि प्रत्येक छिद्राआधी कोअरर अल्कोहोलने पुसला. थंड खोलीत कोअरचा बाहेरचा थर निर्जंतुक पात्याने खरवडून काढायचा, उरलेला भाग निर्जंतुक गार पाण्याने धुवायचा आणि गाभा ४ अंशांवर सावकाश वितळू द्यायचा. गरम पाण्यात ठेवून घाई करू नका, पेशी फुटतात. डीएनएसाठी वापरायच्या रसायनांचाही ब्लँक ठेवा, कारण त्यांतही जिवाणूंचा डीएनए असतो. परतीचे गोठवलेले नमुने दोन खोक्यांत वाटून वेगवेगळे पाठवा.

ब्लँकच्या बाटल्या नमुन्यांच्या निम्म्या तरी न्या. आम्ही वीस नेल्या होत्या, सहाव्या दिवशीच संपल्या.