जुन्या फोर-बाय-फोरचा गंज काढताना शिकलेलं वेल्डिंग

जुन्या ऑफ-रोड गाडीचा गंज वरून कधीच खरा दिसत नाही. ड्रायव्हरच्या पायाखालच्या रंगाला फक्त फुगवटे आले होते. मॅट उचलून तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबलं, तर ते आरपार गेलं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात तो शिरला की सांधाच उकलत जातो. त्यात अशा गाड्यांच्या सिलमध्ये, म्हणजे दारांखालच्या पोकळ पट्टीत, चिखल साचतो, पाणी निथळायची भोकं बुजतात आणि पत्रा आतल्या बाजूने सडत राहतो.

हे काम मला दुसऱ्याकडे द्यायचं नव्हतं. गाडी आणखी बरीच वर्षं वापरायची, तर तिचा पत्रा आपल्याला जोडता आला पाहिजे, हे मनाशी पक्कं केलं आणि मिग मशीन, म्हणजे वायरने वेल्डिंग करणारं मशीन, घेतलं. बॉडीचा पत्रा असतो जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास. रॉडच्या वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा जोडणं मुरलेल्या हातालाही जड जातं. मिगमध्ये वायर आपोआप पुढे येत राहते आणि ट्रिगर सोडला की उष्णता लगेच थांबते. मी 0.6 मिमीची वायर आणि वितळलेल्या धातूला हवेपासून जपणारं आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण वापरलं. गॅसशिवाय चालणारी फ्लक्स कोअर वायरही मिळते, पण पातळ पत्र्यावर ती जास्त भाजते आणि शिंतोडेही फार उडवते. ती लावली तर बहुतेक मशीनवर टॉर्च (हातात धरायची वेल्डिंग गन) आणि अर्थ (पत्र्याला लावायचा क्लॅम्प) यांच्या जोडण्या उलट कराव्या लागतात, हे मात्र लक्षात ठेवा.

सराव मी गाडीच्याच जाडीच्या भंगार पत्र्यांवर केला. सुरुवातीला सगळं लक्ष त्या झगझगीत उजेडाकडे जातं. खरं पाहायचं असतं ते त्याच्या लगतचं वितळलेल्या धातूचं छोटं डबकं. त्याच्या कडा दोन्ही पत्र्यांत पसरल्या की सांधा धरला. डबकं मध्येच खाली बसायला लागलं, की पुढच्या क्षणी भोक पडणार. ट्रिगर तिथेच सोडायचा. हे दिसायला लागलं त्या दिवसापासून मला वेल्डिंग कळायला लागलं, असं मी म्हणेन. आवाजावरूनही बरंच समजतं. सेटिंग जुळलं की एकसारखा चरचर आवाज येतो. वायरचा वेग जास्त झाला की टॉर्च हाताला ठोके देऊ लागते.

वेल्ड वरून कितीही सुबक दिसो, पत्रा उलटून मागची बाजू पाहायचीच. मागे वितळल्याची खूण नसेल तर धातू नुसता वर बसलाय. सरावाचे तुकडे मी बाकाच्या शिकंज्यात धरून हातोडीने वाकवले. वेल्डच्या शेजारचा पत्रा फाटला तर वेल्ड पास, वेल्डच सुटून आला तर नापास. इतकी सरळ परीक्षा दुसरी नाही.

प्रत्यक्ष गाडीवर मात्र वेल्डिंगपेक्षा तयारीलाच जास्त वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा. बॅटरीच्या केबल काढल्या, सीट आणि कार्पेट बाहेर काढलं, इंधनाची टाकी उतरवली. खालच्या बाजूचं डांबरासारखं कोटिंग खरवडून काढलं; ते पेटतं आणि धुमसत राहतं. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापला की त्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो, म्हणून सांध्याजवळचा मुलामा घासून काढायचा, हवा खेळती ठेवायची आणि धुराचा मास्क लावायचा. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर तर वेल्डिंग करूच नका. त्याच्या वाफेपासून फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो.

गंज कापताना हात आखडता घेऊ नये, हे माझं ठाम मत. भोकाभोवतीचा चकचकीत दिसणारा पत्राही मागून झिजलेला असतो आणि त्याला ठिणगी लागताच भोक मोठं होत जातं. ठोकल्यावर खणखणीत वाजेल आणि जाडी पूर्ण भरेल तिथपर्यंत मी कापत गेलो. पॅचचा साचा आधी पुठ्ठ्याचा केला, कोपरे गोल ठेवले आणि कडांमध्ये साधारण वायरच्या जाडीएवढी फट सोडली. मग समोरासमोर टाके, म्हणजे ठिपक्याएवढे छोटे वेल्ड, मारले: एक इकडे, एक तिकडे, मग मधल्या जागी. सलग रेघ ओढली की पत्रा तापून लाटेसारखा वाकतो. टाका हाताला सोसवेल इतका निवला की पुढचा, अशा चालीने टाके एकमेकांना मिळवत नेले. जिथे फट रुंद झाली तिथे मागे तांब्याची पट्टी धरली. तांबं उष्णता ओढून घेतं आणि वेल्ड त्याला चिकटत नाही.

सिलच्या खालचं काम सगळ्यात कठीण, कारण तिथे वितळलेला धातू अंगावर पडतो. चामड्याचे हातमोजे, गळ्यापर्यंत बंद कॉलर आणि अगदी छोटे छोटे टाके, एवढ्यावरच ते निभतं. काम थांबवल्यावर मी तासभर गाडीजवळच असायचो, अग्निशामक हाताशी ठेवून. पत्र्याआड काय धुमसतंय ते लगेच दिसत नाही.

चासीला, म्हणजे गाडीचा सगळा भार पेलणाऱ्या चौकटीला, मी हात लावला नाही. फ्लोअरचा वेल्ड सुटला तर पत्रा खडखडेल. चासीचा सुटला तर जीव जाऊ शकतो. ते काम अनुभवी वेल्डरकडे दिलं आणि शेजारी उभं राहून पाहिलं. त्याने पॅच चौकोनी न ठेवता दोन्ही टोकांना निमुळता कापला होता, म्हणजे चासीला सरळ आडवी वेल्डची रेघ पडत नाही आणि ताण एकाच जागी एकवटत नाही.

वेल्डच्या उष्णतेने आतल्या बाजूचा रंग जळतो आणि नवा गंज तिथूनच धरतो. म्हणून बाहेरून एपॉक्सी प्रायमर आणि सीलर झाल्यावर सिलच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारलं आणि निथळायची भोकं तारेने पुन्हा मोकळी केली. आता मागच्या चाकाची कमान बाकी आहे. तिथे पत्र्याला दोन्ही दिशांनी गोलाई द्यावी लागते, त्यामुळे आधी हातोडी आणि वाळूची पिशवी घेऊन पत्रा ठोकायचा सराव चालू आहे.