तीस हजारांचा घोडा डर्बी जिंकतो तेव्हा

रेसचा नाद असल्यामुळे मला हे नेहमी विचारलं जातं, "अमेरिकेत क्लेमिंग शर्यतीत पळणारे घोडे म्हणजे तळातले ना? मग त्यातला एखादा थेट केंटकी डर्बी, तिथली सगळ्यात नावाजलेली शर्यत, कशी जिंकतो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सगळी गफलत या शर्यतीत घोड्यावर लावलेल्या विक्रीच्या किमतीत आहे. आपल्याकडे महालक्ष्मीला किंवा पुण्याला घोड्याचं रेटिंग, म्हणजे त्याची लायकी दाखवणारा आकडा, हँडिकॅपर हा अधिकारी ठरवतो. तिकडे क्लेमिंग शर्यतीत घोडा कुठल्या किमतीच्या पायरीवर पळवायचा, हे मालक आणि ट्रेनर ठरवतात. त्या किमतीला तो कुणीही परवानाधारक उचलू शकतो. शर्यतीआधी चिठ्ठी भरून पेटीत टाकायची. एकाच घोड्यावर चार चिठ्ठ्या आल्या तर आकडे घातलेल्या गोट्या हलवून एक काढतात. गेट उघडलं की घोडा नव्या मालकाचा, त्या शर्यतीचं बक्षीस मात्र जुन्याचं. घोडा जायबंदी झाला तर सौदा रद्द होऊ शकतो.

किंमत जास्त लावली तर तगड्यांशी गाठ, कमी लावली तर घोडा हातचा जाणार. म्हणजे तो आकडा हा मालकाचा त्या दिवसाचा अंदाज, आणि थोडी हूलही.

अंदाज केवढा चुकावा? १९९९ च्या फेब्रुवारीत ट्रेनर डी. वेन लुकास यांनी कॅरिझ्मॅटिक या घोड्याला सांता अनिता रेसकोर्सवर ६२,५०० डॉलरच्या क्लेमिंग शर्यतीत उतरवलं. लुकास म्हणजे डर्बीविजेते घडवणारा माणूस, आणि तोही घोडा सोडायला तयार! पण घ्यायलाही कुणी पुढे आलं नाही. मे महिन्यात त्याच घोड्याने डर्बी जिंकली, पाठोपाठ प्रीकनेस ही दुसरी मोठी शर्यतही.

रिच स्ट्राइक हा दुसरा घोडा तर खरोखर उचलला गेला. पैदास कॅल्युमेट फार्मची. बाप कीन आइस, म्हणजे २०१५ ला ट्रॅव्हर्स शर्यतीत त्या वेळच्या अव्वल घोड्याला, अमेरिकन फॅरोला, हरवणारा. रक्त वरच्यांचंच होतं, पण दोन वर्षांचं पोर पहिल्या शर्यतीत गवतावर शेवटी आलं आणि ३०,००० डॉलरची पाटी लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये चर्चिल डाउन्स रेसकोर्सच्या मातीवर ते १७ हून अधिक लेंग्थनी, म्हणजे तितक्या घोड्यांच्या लांबीने, जिंकलं, तोवर ट्रेनर एरिक रीड यांची चिठ्ठी पेटीत पडलेली होती. पुढच्या मे महिन्यात डर्बीच्या आदल्या दिवशी एक घोडा गळला म्हणून याला जागा मिळाली. विसावं गेट, एकाला ऐंशीचा भाव. पुढचे सुरुवातीलाच बेफाम पळून दमले, आणि हा गर्दीतून वाट काढत, कठड्याच्या बाजूने सगळ्यांच्या पुढे.

क्लेमिंगचे बहुतेक घोडे त्याच पायऱ्यांवर खालीवर करत संपतात, हेही सांगायला हवं. रिच स्ट्राइकही नंतर एकही शर्यत जिंकला नाही. कारकिर्दीत विजय दोनच, तीस हजारांची क्लेमिंग शर्यत आणि केंटकी डर्बी. मित्र त्याला नशिबाचा घोडा म्हणतात. मी म्हणत नाही, आणि यावरून आमची दर मे महिन्यात जुंपते.