आमची वाटचाल : दोन बारचं काम

१९९६ ला मी आणि अण्णांनी सांगलीत डिझेल पंप-नोझलचं दुकान टाकलं. पेट्रोल इंजेक्शनच्या जुन्या गाड्या आल्या त्या मिरजेच्या डॉक्टरांमुळं. त्यांची १२३ बॉडीची मर्सिडीज २८० ई, के-जेट्रॉनिक (बॉशचं यांत्रिक पेट्रोल इंजेक्शन), गरम झाली की काळा धूर, आणि जो तो म्हणायचा कार्बोरेटर बसवून टाका. अण्णा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आधी प्रेशर मोजू, मग बोलू." सिस्टीम प्रेशर, म्हणजे पंपाकडून येणारा दाब, पाच बारच्या आसपास (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) म्हणजे ठीक, पण कंट्रोल प्रेशर गाडी तापली तरी चढेना, आणि ते कमी राहिलं की पेट्रोल जास्त जातं. ते प्रेशर चढवणाऱ्या वॉर्म-अप रेग्युलेटरच्या हीटरला करंटच येत नव्हता, एक वायर तुटलेली, बास. त्या दिवसापासून डॉक्टरांनी दुसऱ्या कुणाला बॉनेट उघडू दिलं नाही.

नंतर अण्णा थकले, मी एकटा राहिलो. काम वाढत गेलं, पुण्या-कोल्हापूरहून गाड्या यायला लागल्या.

ऑगस्ट २०१९ ला इर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि दुकान सगळं पाण्यात. टेस्ट बेंच, होज, अडॅप्टर, सगळ्यात गाळ. अण्णांच्या हातचा ० ते ४ बारचा प्रेशर गेज मी स्वतः उघडला, धुतला, वाळवला, परत जोडला. जोडताना आतल्या लिंकचा स्क्रू खाचेत जरा सरकला, तिथंच घोळ झाला. काटा झिरोला बरोबर बसायचा, पण वर गेला की जास्त दाखवायचा, आणि मी झिरो बघून खूश.

तेवढ्यात पुण्याची एक १९७३ ची ३५० एसएल मर्सिडीज आली, डी-जेट्रॉनिक, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं जुनं इंजेक्शन. याच्या प्रेशर रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी नसते, वर नुसता स्क्रू आणि लॉकनट, दोन बार लावायचं. मी लावलं दोन, खरं होतं १.६७ च्या आसपास. आता या गाडीला ऑक्सिजन सेन्सर नाही, कॉम्प्युटर फक्त इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो, प्रेशर बरोबर आहे असं धरूनच. पेट्रोल सुमारे नऊ टक्के कमी, गाडी लीन चालली (हवेच्या मानानं पेट्रोल कमी), खंबाटकीत जोर लावला आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला. हेड उघडायचा खर्च मी दिला, एक रुपया वाद न घालता. पुरानंतर हातात काय होतं ते माझं मला माहीत.

पण खरं दुःख वेगळंच आहे. आपल्याच लायनीतला एकजण, ज्यानं आमच्याच बेंचवर काम शिकलं, तो गावभर सांगत फिरला की यांचा गेज खोटा, गाड्या जाळतात. स्वतः तो गेज लावतच नाही, थेट चार इंजेक्टर बदलून बिल करतो. आठ महिने एक गाडी आली नाही, बेंच विकायची बोलणी झाली होती.

तेव्हा डॉक्टर आले. म्हणाले, "गेज तपासून आणा, आणि पहिली गाडी माझी लावा." कुपवाड एमआयडीसीत डेडवेट टेस्टरवर (ठराविक वजनं ठेवून अचूक दाब देणारं यंत्र) गेज चढवला तेव्हा समजलं, २ बारला २.४ दाखवतोय. नवीन गेज घेतला, त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलं, आणि डॉक्टरांनी ते त्यांच्या क्लबातल्या प्रत्येकाला आणून दाखवलं, एकेकाला हाताला धरून.

तुम्हाला म्हणून सांगतो, गेज असा घ्या की काटा मधे राहील, दोन बारला दहाचा गेज नको. एल-जेट्रॉनिक (डी नंतरचं इंजेक्शन) असेल तर आयडलला रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून बघा, प्रेशर चढलं पाहिजे, आणि नळीत पेट्रोलचा वास आला तर डायफ्राम फाटलाय, गाडी तिथंच बंद करा, ते पेट्रोल इंजिनात ओढलं जातं आणि ऑइल पातळ होतं. प्रेशर कमी असेल तर रिटर्नचा, म्हणजे टाकीकडं परत जाणारा, रबरी होज हळूच दाबा, एकदम चढलं तर पंप चांगला, दोष रेग्युलेटरचा. ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यापासून जुने रबरी होज तर वर्षाला बघायलाच हवेत.

दर सहा महिन्यांनी गेज घेऊन मी स्वतः कुपवाडला जातो, त्या दिवशी दुकान बंद असतं, तेव्हा फोन करून या.